अकरा खासदार, पण जमीन एक इंच नाही : परदेशातल्या फ्रेंच मतदारांची गोष्ट

(एका व्याख्यानाचं थोडं आवरून लिहिलेलं रूप)

फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, ५७७ खासदार आहेत. त्यातल्या ११ जणांच्या मतदारसंघात फ्रान्सची एक इंचही जमीन नाहीये. एकाचा मतदारसंघ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, एकाचा अख्खं लॅटिन अमेरिका, एकाचा फक्त स्वित्झर्लंड आणि शेजारचं चिमुकलं लिश्टेनस्टाइन. आणि अकरावा जो आहे तो ऐका, युक्रेन, रशिया, इराण, पाकिस्तान, भारत, चीन, जपान आणि खाली पार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत, जवळपास पन्नास देश, एकच खासदार. प्रचार कसा करत असतील हो? विमानात बसून! आपल्याकडे गडचिरोलीचा मतदारसंघ केवढा मोठा म्हणून आपण हळहळतो.

आता हे आलं कुठून. परदेशातल्या फ्रेंचांना आवाज असावा ही कल्पना जुनी आहे, सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, त्यांचे प्रतिनिधी चौथ्या रिपब्लिकच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राजवटीच्या काळापासून आहेत, आणि १९४८ मध्ये त्यांच्यासाठी एक वेगळी सल्लागार परिषदही काढली. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत वकिलातीत जाऊन मत टाकायची सोय १९७६ च्या कायद्याने झाली. म्हणजे मत होतं, सिनेटरही होते, पण सिनेटर काही लोक थेट निवडत नाहीत. आजही १२ सिनेटर परदेशातल्या फ्रेंचांसाठी आहेत आणि त्यांना निवडून देणारी मंडळी जगभरात मिळून पाचशे-साडेपाचशेच्या आसपास, बहुतेक सगळे स्थानिक पातळीवर निवडून आलेले कौन्सिलर. आपली विधान परिषद डोळ्यासमोर आणा, साधारण तसंच, सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कोणाला मत देणार हे चहाच्या वेळेलाच ठरतं.

मग २००७ ला उजव्या पक्षाचे सार्कोझी राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये घटनादुरुस्ती आली, त्यात स्पष्ट लिहिलं की फ्रान्सबाहेर राहणाऱ्या फ्रेंचांचं प्रतिनिधित्व दोन्ही सभागृहांत असेल. पण गंमत अशी की त्याच दुरुस्तीत खासदारांची संख्या ५७७ च्या वर जाणार नाही असंही घालून ठेवलं. म्हणजे ११ जागा नव्या नाहीत, त्या देशातल्याच जागांतून काढल्या, आणि मतदारसंघांची फेररचना झाली. कोणाची तरी जागा गेली म्हटल्यावर आरडाओरडा होणारच! विरोधकांचं म्हणणं होतं की हे सगळं उजव्या पक्षाच्या फायद्यासाठी चाललंय, कारण परदेशात राहणारा फ्रेंच म्हणजे बँकवाला, कंपनीवाला, पैसेवाला, तो डाव्यांना कशाला मत देईल.

जून २०१२ ला पहिल्यांदा मतदान झालं आणि ११ पैकी ८ जागा डाव्यांकडे गेल्या! सात समाजवादी, एक ग्रीन. मला हा किस्सा फार आवडतो, कारण ज्याने ताट वाढलं तोच उपाशी राहिला. पुढे २०१७ ला मॅक्रोंची लाट आली आणि ११ पैकी १० त्यांच्या गोटात गेल्या. तेव्हा परदेशातला मतदार कोणाचा खिशातला आहे असं समजायचं कारण नाही. इटलीचं तर माहितीच असेल तुम्हाला, त्यांनीही परदेशातल्या इटालियनांना जागा दिल्या, आणि २००६ ला सिनेटमध्ये डाव्या आघाडीच्या प्रोदींना जेमतेम बहुमत मिळालं ते परदेशातल्या सहा जागांपैकी चार त्यांच्या बाजूला गेल्या म्हणून. हा कायदा रेटणारे होते उजव्या गटातले.

बरं, आता मतदान कसं होतं ते सांगते, कारण खरी मजा आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. खासदारकीला परदेशातला फ्रेंच माणूस चार प्रकारे मत देऊ शकतो, स्वतः जाऊन, दुसऱ्याला अधिकारपत्र देऊन, पोस्टाने, आणि इंटरनेटवरून. शेवटचा प्रकार फ्रान्समधल्या फ्रेंच माणसाला नाही हां, तो बिचारा रविवारी शाळेत जाऊन कागदच टाकतो. अमेरिका खंडातलं मतदान तर शनिवारीच उरकतात, घड्याळ मागे असल्यामुळे. २०१२ ला असं झालं की ज्यांच्या कॉम्प्युटरवर जावा नावाच्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती होती त्यांचं मतच जाईना, त्यांना जुनी टाका म्हणून सांगायला लागलं. २०१७ ला सायबर हल्ल्याच्या भीतीने ऑनलाइन मतदान ऐनवेळी रद्दच केलं. २०२२ ला परत सुरू केलं, तर अर्जेंटिनातल्या बऱ्याच मतदारांना मोबाइलवर कोडच आला नाही, ज्यांना आला नाही ते बसले वाट बघत, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या घटना परिषदेने लॅटिन अमेरिकेची आणि उत्तर-पश्चिम आफ्रिकेची अशा दोन निवडणुका रद्द केल्या, परत घ्यायला लावल्या. ओटीपी न आल्यामुळे निवडणूक रद्द! परत झाल्यावर दोन्हीकडे तेच आधीचे खासदार निवडून आले ही गोष्ट वेगळी. पण मला यात हसण्यासारखं कमी आणि दाद देण्यासारखं जास्त वाटतं. मतदाराला मत देताच आलं नाही तर निकाल ग्राह्य नाही, एवढं साधं तत्त्व त्यांनी पाळलं.

मतदान मात्र कमी होतं, हे लपवायचं कारण नाही. पहिल्या दोन-तीन निवडणुकांत पाचातला एक जेमतेम मत द्यायचा. २०२४ ला अचानक निवडणूक लागली तेव्हा चित्र बदललं, पहिल्या फेरीत नुसती ऑनलाइनच चार लाखांवर मतं पडली.

आपल्या जवळचं उदाहरण पाँडिचेरी. तिथे अजून काही हजार फ्रेंच नागरिक आहेत, बहुतेक तमिळ घरांतले. फ्रेंचांनी १९५४ ला कारभार सोडला, पण हस्तांतराचा करार अमलात आला १९६२ ला, आणि त्यात सहा महिने मुदत दिली होती की ज्याला फ्रेंच राहायचंय त्याने तसं लिहून द्या. ज्यांनी दिलं त्यांची मुलं-नातवंडं आज फ्रेंच मतदार आहेत, मतदानाच्या दिवशी तिथे रांग लागते. आणि इतिहास बघा, त्याच्याही आधी, वसाहत असताना, फ्रेंच भारताचा स्वतःचा खासदार पॅरिसमध्ये बसायचा. एदुआर गुबेर हे शेवटच्या काळातले तसे खासदार, १९५४ मध्ये ते भारतात विलीन व्हायच्या बाजूला आले आणि १९६३ ला पाँडिचेरीचे पहिले मुख्यमंत्री झाले. पाँडिचेरीला फिरायला गेलात तर समुद्राकाठचा तो रस्ता, ज्यावर सगळे संध्याकाळी फोटो काढतात, त्याला त्यांचंच नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, पाँडिचेरीतल्या पेन्शनर आजोबांना पॅरिसमधल्या खासदाराचं काय पडलंय. पडलंय हो! फ्रेंच पेन्शन घेणाऱ्याला परदेशातून दर वर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो, तो पोचला नाही, उशिरा पोचला की पेन्शन थांबतं. हे दुखणं घेऊन गावातला माणूस कोणाकडे जाईल? पॅरिसमधल्या कुठल्या तरी वॉर्डाच्या खासदाराला याचं काही नाही, त्याला मत देणारे पेन्शनर समोरच राहतात. परदेशातल्या फ्रेंच शाळांची फी, फ्रान्समध्ये भाड्याने दिलेल्या घरावरचे सामाजिक कर, पासपोर्टसाठी शेकडो किलोमीटर लांबच्या कॉन्सुलेटला हेलपाटे, हेच विषय या ११ जणांच्या भाषणांत सारखे येतात. टीका करणारे म्हणतात की हे खासदार कमी आणि कॉन्सुलेटचे तक्रारपेटीवाले जास्त. असेनात का! मत असणं आणि आपला माणूस असणं यात फरक आहे तो इथेच. मत तुम्ही मूळ गावच्या यादीत टाकलंत तर ते तिथल्या हजारोंमध्ये विरघळून जातं, उमेदवाराला तुमची पर्वा करायची गरजच नसते. अमेरिकेचं बघा, परदेशातल्या नागरिकाकडूनही कर घेतात, मत पण देऊ देतात, पण ते मत त्याच्या शेवटच्या पत्त्याच्या राज्यात मोजतात, त्याचा वेगळा खासदार नाही.

सगळे देश खूश होते असंही नाही. कॅनडाने २०११ मध्ये सरळ सांगितलं, आमची भूमी तुमच्या मतदारसंघात कशी काय धरता, आम्ही सार्वभौम देश आहोत. शेवटी कॉन्सुलेटच्या आवारात मतदान करा इथवर तडजोड झाली. त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता असं मला वाटतं.

प्रश्नोत्तरात दोघा-तिघांनी एकच विचारलं, आपल्याकडे एनआरआयना अशा जागा का नाहीत. जागा सोडा, आधी मताचं बघू. २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः पासपोर्टवरच्या पत्त्याच्या गावी यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला १,१९,३७४ जणांनी नोंदणी केली होती आणि मत दिलं २,९५८ जणांनी. तिकिटाचे पैसे कोण देणार? प्रॉक्सीचं, म्हणजे दुसऱ्याकरवी मत देण्याचं, विधेयक २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली तसं ते बाद झालं.

पण फ्रान्सची नक्कल जशीच्या तशी इथे चालेल असं मला नाही वाटत. फ्रेंच माणूस दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊनही फ्रेंच राहतो, त्याची मुलं राहतात, नातवंडं राहतात, म्हणून त्यांचे मतदारसंघ भरलेले असतात. आपला माणूस न्यू जर्सीत अमेरिकन पासपोर्ट घेतो त्या दिवशी तो आपल्या यादीतून जातो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला मत नाही. म्हणजे उद्या जागा केल्याच तर त्यांचा मुख्य मतदार कोण, तर आखातातला कामगार, ड्रायव्हर, नर्स, ज्याला तिथलं नागरिकत्व कधी मिळणारच नाहीये आणि जो खरंच परत येणार आहे. मग मतदान दुबईत घ्यायचं, रियाधमध्ये घ्यायचं, आणि तिथल्या सरकारांची परवानगी आधी काढायची. कॅनडाशी बोलणं त्यामानाने सोपं होतं.