दोन अक्षरांची जागा

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर 'कविता आणि जीवनातलं गूढ' असा विषय छापलाय. खरं सांगू का, 'गूढ' हा शब्द दिसला की मलाच जरा धास्ती वाटते. कवितेच्या नावाखाली धुकं खपवायला हा शब्द फार सोयीचा पडतो. म्हणून सुरुवात धुक्यापासून न करता मुंगीपासून करते.

'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी.' मुक्ताबाईंचा हा अभंग तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. पुढे वांझेला मुलगा होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो, माशी विते आणि तिची घार होते. यात अवघड काय आहे? मुंगी, सूर्य, विंचू, माशी, घार. लहान मुलाला चित्र काढायला सांगा, तो काढून दाखवेल. एकही शब्द अंधूक नाही. आणि तरी शतकानुशतकं माणसं या मुंगीच्या मागे धावतायत. मुंगी म्हणजे जीव, असं निरूपण करणारे सांगतात. सांगोत, माझी तक्रार नाही. पण शेवटची ओळ पाहा. 'देखोनी मुक्ताई हांसली.' एवढं सगळं अघटित घडल्यावर ती समजावून सांगत बसत नाही. ती हसते.

गूढ आणि गोंधळ यांतला फरक मला या अभंगानं शिकवला. कवीला जे दिसतं ते लख्ख दिसलं पाहिजे. त्या लख्ख दिसण्यातूनही जे उलगडत नाही, ते गूढ. कवीनंच नीट पाहिलं नाही म्हणून वाचकाला काही कळत नसेल, तर तो निव्वळ आळस झाला. माझ्या पहिल्या दहा वर्षांतल्या बऱ्याच कविता या आळसात मोडतात. त्या आज वाचून दाखवणार नाही, घाबरू नका.

आता थोडं मागे जाऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, नासदीय सूक्त. सृष्टी कुठून आली, हा प्रश्न. सात ऋचा आहेत. शेवटच्या ऋचेत ऋषी म्हणतो, परम व्योमात बसून जो हे सगळं पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद.' धर्मग्रंथात 'त्यालाही ठाऊक नसेल' असं म्हणायला केवढी छाती लागत असेल! पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच ऋचेतली एक बारीक गोष्ट. छंद त्रिष्टुभ आहे, म्हणजे चरणात अकरा अक्षरं हवीत. दुसरा चरण मोजा. 'यदि वा दधे यदि वा न.' नऊच भरतात. दोन कमी.

ही चूक की मुद्दाम ठेवलेली फट, यावर अभ्यासकांनी बराच विचार केलाय. मी अभ्यासक नाही, लिहिणारी बाई आहे. मला एवढंच दिसतं की 'हे निर्माण केलं गेलं, किंवा नाही' असं म्हणता म्हणता ओळ स्वतःच अडखळते. पाठ म्हणणाऱ्याचा पाय अधांतरी पडतो. 'मला ठाऊक नाही' हे नुसतं सांगून भागत नाही, ते ओळीला व्हावं लागतं. निबंध आणि कविता वेगळ्या होतात त्या इथं.

इंग्रज कवी कीट्सचं पत्र तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर १८१७, वय बावीस, भावांना लिहिलेलं. थोर लेखकाचा गुण कोणता, तर अनिश्चिततेत, गूढात, शंकेत राहता येणं, आणि राहताना वस्तुस्थिती आणि कारणं यांच्यासाठी चिडचिडीनं हात न मारणं. 'निगेटिव्ह केपेबिलिटी' हा त्याचा शब्द. उपलब्ध पत्रांमध्ये त्यानं तो एकदाच वापरलाय; पुढचं सगळं टीकाकारांनी वापरलं. मला गंमत वाटते ती ही, की असं लिहिणारा मुलगा वैद्यकी शिकलेला होता. रुग्णालयात काम करून, परवाना मिळवून मग त्यानं ते सोडलं. वस्तुस्थितीशी त्याचं वैर नव्हतं. 'चिडचिडीनं' या शब्दावर सगळा भार आहे.

ही चिडचिड कागदावर कशी दिसते, ते स्वतःच्या उदाहरणावरून सांगते. मी नऊ वर्षांची असताना समोरच्या गच्चीत एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन हात वर करायचे. आमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. पुष्कळ वर्षांनी मी त्यावर कविता लिहिली. चांगली चालली होती. मग मला राहवेना. शेवटच्या कडव्यात मी त्यांना एक वारलेली बायको देऊन टाकली, आणि ते तिला हात दाखवतात असं लिहिलं. कविता तिथंच मेली. बरं, तेव्हा मला ते कळलंही नाही. उलट डोळ्यांत पाणी वगैरे आलं.

पुढे एकदा आईपाशी विषय निघाला. आई म्हणाली, "अगं, त्यांचा खांदा आखडला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता."

हसा, मीही हसले. मुक्ताईइतकं नाही, पण हसले. उत्तर मिळालं, आता कविता फाडावी असं आधी वाटलं. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की आईच्या उत्तरानं फक्त माझं खोटं कडवं पाडलंय. खरा प्रश्न तिला मी विचारलाच नव्हता, कारण तो मलाच सापडला नव्हता. रोज ते हात वर करायचे आणि मीही माझा हात वर करायची. ते माझ्याकडे पाहत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी उत्तर कुणाला देत होते?

तेही मला सांगता येत नाही. पण तिथून कविता पुन्हा लिहिता आली. बायको गेली, संध्याकाळच्या प्रकाशाचं वर्णन गेलं, 'एकाकी' हा शब्द गेला. उरलं ते एवढं:

समोरच्या गच्चीत
एक हात वर जातो, खाली येतो.
मी पुस्तक मिटते
आणि माझाही हात

एका अंकासाठी ती पाठवली, तेव्हा संपादकांचा फोन आला. म्हणाले, "शेवटच्या ओळीत क्रियापद राहिलंय."

मी म्हटलं, "हो, राहिलंय."