सेवाक्षेत्र कुणाचं मोठं?
(इंदूरच्या एका मराठी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, भारत सेवांचा देश आणि चीन कारखान्यांचा, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की तपासून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. आपल्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे वर्षभरात सगळ्या कामधंद्यांनी मिळून घातलेल्या किमतीच्या भरीत, सेवांचा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपास आहे. चीनचा २०२३ सालचा वाटा पहिल्या अंदाजात ५४.६ टक्के. म्हणजे जवळजवळ बरोबरी! त्या वर्षी चीनची अर्थव्यवस्था सुमारे १७.८ लाख कोटी डॉलरची होती, आपली ३.६ लाख कोटींची. तेव्हा नुसत्या सेवा धरल्या तरी चीन आपल्या पाचपट भरतो.

मग ही ख्याती आली कुठून? थोडी आयटीमुळे. बाकीची, कारखानदारी आपल्याकडे १७ टक्क्यांपाशी अडकली म्हणून. चीनमध्ये ती २५-२६ टक्के आहे. ताटात भाजी कमी वाढली की भात आपोआप जास्त दिसतो.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. हा वाटा काढताना मोजलं काय, ते आधी विचारा. चीनचंच बघा. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी आर्थिक गणनेचे निकाल जाहीर केले आणि २००४ सालचं राष्ट्रीय उत्पन्न १६.८ टक्क्यांनी वाढवून सांगितलं. त्या वाढीतला ९३ टक्के हिस्सा एकट्या सेवांचा. सेवांचा वाटा ३१.९ वरून थेट ४०.७ वर गेला. नवं दुकान एकही उघडलं नव्हतं. छोटी खानावळ, खासगी मालवाहतूक, घरांचे व्यवहार हे सगळं आधीपासून चालूच होतं, फक्त वहीत आलं नव्हतं. चीनची मूळ हिशेबपद्धत सोव्हिएत वळणाची. तिच्यात वस्तू निर्माण झाली तरच उत्पादन. डॉक्टर, शिक्षक, न्हावी हिशेबाबाहेर. ती पद्धत त्यांनी १९९३ च्या सुमारास सोडली, पण मोजणाऱ्यांची सवय मागे राहिली. या विचाराचं मूळ पार ॲडम स्मिथपर्यंत जातं. त्यानं नोकरचाकर, नट आणि गवई यांचे श्रम अनुत्पादक ठरवले होते. अमीर खाँसाहेबांच्या गावात हे सांगताना जरा संकोचच वाटतो.

आपली वहीसुद्धा काही कमी गमतीची नाही. रामबागेत तुम्ही स्वतःच्या घरात राहता, भाडं कुणालाच देत नाही. तरी त्या घराचं मानीव भाडं सेवांमध्ये धरलं जातं. त्याच घरात आई रांधते, त्याचं मोल शून्य. तिनं भंवरकुव्याच्या क्लासवाल्या पोरांना महिन्याच्या पैशांवर डबे द्यायला सुरुवात केली, की ती सेवा झाली. पीथमपूरच्या कारखान्यात गेटवरचा पहारेकरी कंपनीच्या पगारावर असेल तर त्याचं काम कारखानदारीत जातं. तोच माणूस, तेच गेट, पगार मात्र एजन्सीकडून, की सेवाक्षेत्र वाढलं!

आता माणसांकडे वळू. मला ही बाजू वाट्यापेक्षा महत्त्वाची वाटते. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार आपल्याकडे कामकऱ्यांपैकी साधारण ३० टक्के सेवांमध्ये आणि ४६ टक्के शेतीत आहेत. चीनमध्ये सेवांत जवळपास निम्मे. निम्म्याहून अधिक मूल्य तीस टक्के हातांतून येतं, आणि त्या हातांत सुपर कॉरिडॉरवरचा इंजिनीयरही आला नि सराफ्यातला खोमचेवालाही. दोघांची सरासरी काढून कुणाला काय कळणार?

एक चिठ्ठी आली आहे: ‘आपल्याकडे केस कापणं स्वस्त, मग डॉलरमध्ये तुलना कशी चालेल?’ प्रश्न रास्त आहे. १९६४ साली बॅलासा आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी, वेगवेगळे लिहीत असताना, हेच मांडलं. न्हावी कुठल्याही देशातला असो, दिवसाला डोकी साधारण तेवढीच करतो. पण जिथे कारखान्यांची उत्पादकता जास्त, तिथली मजुरी चढी, म्हणून त्याचा दरही चढा. क्रयशक्तीच्या हिशेबानं, म्हणजे दोन्हीकडच्या दरांतला फरक वगळून पाहिलं, तर अख्ख्या अर्थव्यवस्थेचं पाचपटीचं अंतर अडीचपटीच्या जवळ येतं. सॉफ्टवेअरच्या निर्यातीला मात्र ही सवलत लावू नका. तिचे पैसे खऱ्या डॉलरमध्येच येतात. आणि तिथे चित्र उलटं आहे: सेवांच्या परदेशी व्यापारात आपल्याकडे शिल्लक उरते, चीनला तूट येते, कारण त्यांचे पर्यटक आणि विद्यार्थी बाहेर जाऊन भरपूर खर्च करतात.