लिंटियनला गप्प करताय? थांबा, आधी कारण लिहा

नमस्कार मंडळी! डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार सॉफ्टवेअर, बांधलं की त्यातल्या चुका शोधणारा लिंटियन चालवायचा आणि त्याच्या तक्रारी निस्तरायच्या, हे ठरलेलंच. आज बोलूया आपण मुद्दाम गप्प केलेल्या तक्रारींबद्दल, म्हणजे ओव्हरराइड्सबद्दल.

एक उदाहरण बघा. लिंटियन म्हणतोय, बायनरीत (मशीन कोडच्या फाइलीत) शुद्धलेखनाची चूक आहे: छोटा टी, छोटा ई, मोठा एच. तिथे इंग्रजी 'द' (the) हवं होतं म्हणे! सोर्स कोड पालथा घाला, हा शब्द सापडणार नाही. कारण ते आहेत हेक्समधले (सोळाच्या पायाच्या आकड्यांतले) तीन बाइट: ७४, ६५, ४८. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरला ७४ सांगतो 'अट जुळली तर उडी मार', ६५ म्हणजे किती लांब, आणि ४८ पासून पुढची सूचना सुरू. लिंटियन बिचारा मशीन कोडचं व्याकरण तपासतोय!

इथे ओव्हरराइड खुशाल टाका. पण ओव्हरराइडच्या फाइलमध्ये नुसता टॅग, म्हणजे तक्रारीच्या प्रकाराचं नाव, लिहिलात, तर त्या टॅगच्या सगळ्याच तक्रारी गप्प होतात; उद्याची खरी चूकही. म्हणून नेमका तपशील द्या, आणि वरच्या ओळीत हॅश टाकून कारण लिहा. याचा कंटाळा भलेभले करतात. मग पॅकेज दुसऱ्याच्या हाती गेलं, की हे तपासून झाकलंय की कटकट नको म्हणून, ते त्याला कसं कळावं?

पॅकेज हाती आलं की 'शो-ओव्हरराइड्स' पर्याय देऊन लिंटियन चालवा. झाकलेलं सगळं कारणांसकट समोर येतं. 'मिसमॅच्ड-ओव्हरराइड' दिसलं, तर तो ओव्हरराइड आता कशालाच लागू होत नाही. का, ते बघा आणि दुरुस्त करा नाहीतर काढून टाका.

ओव्हरराइड निदान कोडला हात लावत नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये (एन्क्रिप्शनसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये) उलटं झालं. व्हॅलग्राइंडसारख्या मेमरी तपासणाऱ्या टूलची तक्रार थांबवायला कोडमधल्या दोन ओळी काढल्या. एक गेली असती तर चाललं असतं. दुसरीतून यादृच्छिकतेचा सगळा कच्चा माल आत यायचा. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभर एसएसएच किल्ल्या (दूरच्या संगणकात सुरक्षित लॉगिन करायच्या) बदलाव्या लागल्या.

आणि हो, काही तक्रारी ओव्हरराइड केल्यात तरी डेबियनचा सर्व्हर अपलोड परतच पाठवतो. तिथे पॅकेजच सुधारा. लिंटियनच चुकतोय आणि तेही बऱ्याच पॅकेजमध्ये, असं दिसलं तर बग लिंटियनवर नोंदवा.