मखरामागची वायर

(दृश्य: कौलारू घराचं दार उघडतं. आत अंधार, भिंतीवर लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर.)

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दोन-तीन दिवसांत गोव्यातल्या कितीतरी मूळ घरांची कुलपं निघतात. वर्षभर एखाद्या बल्बापलीकडे काही न चालवलेल्या वायरिंगवर एकदम फ्रीज, मिक्सर, गिझर, चार-पाच पंखे आणि मखराची रोषणाई येऊन पडते. बंद घरात उंदरांनी कुठे दात लावलेत, ते कोणी पाहिलेलं नसतं.

म्हणून मखराचा पहिला खिळा ठोकण्याआधी भिंत तपासायची. मखर उभं राहिलं की विसर्जनापर्यंत ती कोणाला दिसत नाही.

मेन स्विच बंद करा. ज्या सॉकेटमधून मखराला लाईन द्यायची, त्याचं तोंड नीट बघा. तपकिरी डाग आहे? कड वितळलीय? पिन घातल्यावर ती हलते? तसं असेल तर ते सॉकेट वापरायचं नाही, बदलायचं. सैल पिनेला आतली पितळी पत्ती जेमतेम टेकते, तेवढ्याशा जागेत विजेच्या प्रवाहाला रोध वाढतो आणि ती तापते. तापली की पत्तीचा ताण जातो, ती आणखी सैल होते आणि आणखी तापते.

(दृश्य: एमसीबीचा डबा, शेजारी चिनी मातीचा जुना फ्यूज.)

‘एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही’ असं बरेच जण म्हणतात. एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारा, म्हणजे बंद होणारा, स्विच. पण सैल सांध्यातून जाणारा प्रवाह नेहमीएवढाच असतो, त्यामुळे एमसीबीला काहीच खटकत नाही. आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा-स्विच विजेची जमिनीकडे होणारी गळती ओळखतो, आणि इथे गळती नसते. दोन्ही सुरू राहतात, सॉकेट मात्र जळत असतं. शिवाय एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या मापाने निवडलेला असतो, तुमच्या माळेच्या बारीक वायरीच्या मापाने नव्हे. १० अँपियरचा एमसीबी १४ अँपियरला तुटायला तासभरही लावू शकतो. घरात अजून चिनी मातीचा फ्यूज असेल, तर त्यात फ्यूजची तार आहे की वायरीतली तांब्याची जाड तार गुंडाळलीय, हे वायरमनकडून बघून घ्या. तांब्याची जाड तार घातलेला फ्यूज नावापुरताच.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. ६ अँपियरचा बोर्ड २३० व्होल्टला १३८० वॅट पेलतो. एलईडीच्या सहा माळा आणि दोन फोकस मिळून दीडशे वॅटही होत नाहीत, म्हणजे रोषणाईचा भार किरकोळ. घात होतो तो त्याच बोर्डावर कोणी १५०० वॅटची चहाची किटली लावली की. मखराच्या बोर्डावर मखराशिवाय काही लावायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बोर्डाची वायर तीन गाभ्यांची, म्हणजे आत तीन वेगळ्या तारा असलेली, आणि निदान ०.७५ चौरस मिलिमीटरची हवी. उरलेली वायर वेटोळं करून मखरामागे कोंबू नका. मोकळ्या वायरीची उष्णता हवेत जाते, वेटोळ्यात ती साठते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

(दृश्य: सॉकेटमध्ये आगपेटीच्या काडीने अडकवलेली वायरीची उघडी टोकं.)

हे दृश्य ओळखीचं असेल. पिन तुटली, म्हणून तारांची टोकं सॉकेटात घालून काडी खुपसली. सैल सांधा, उघडी तार आणि लाकडाची काडी, सगळं एकाच जागी. पिन काही रुपयांना मिळते. माळेचे सांधे सेलोटेपने गुंडाळू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत त्याचा गोंद सुटतो. पीव्हीसीची इन्सुलेशन टेप वापरा आणि दोन तारांचे सांधे समोरासमोर न ठेवता पुढे-मागे घ्या.

आता माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, कांगलां, आंब्याचे टाळे बांधतात तेव्हा सगळं ओलं, हिरवं असतं. दीड दिवसाच्या गणपतीला त्यामुळे फारसा धोका नाही. पाचव्या-सातव्या दिवशी मात्र आंब्याची पानं हातात कुरकुरतात. शिवाय नारळांच्या वजनाखाली माळ दाबली गेली तर वायरीचं आवरण चिरतं. रोषणाई माटोळीला गुंडाळू नका, मखराच्या चौकटीवर बाहेरून लावा, आणि तीही स्टेपलच्या पिना न मारता प्लास्टिकच्या पट्ट्यांनी.

समई बहुधा माटोळीच्या पुढच्या कडेखालीच येते. ज्योतीची उष्णता सरळ वर जाते, म्हणून वर निदान तीन फूट आणि बाजूंना दीड फूट जागा मोकळी हवी. थर्माकोल ज्योत न लागताही नुसत्या उष्णतेने वितळतो आणि पेटला की थेंबाथेंबाने खाली गळतो. नेटचे नायलॉन पडदेही तसेच. खोबरेल एकटं सहज पेट घेत नाही, पण चौरंगाच्या कापडात मुरलं की ते कापडच मोठी वात होतं, म्हणून समई पितळी ताटात ठेवा. उभा पंखा मखराकडे वळवू नका. आणि फुगडी सुरू होण्याआधी समई कोपऱ्यात सरकवा. गिरकीत साडीचा पदर कुठवर जातो, ते खेळणारीला कळत नाही. घुमट वाद्याच्या तालावरच्या आरतीला गर्दी असते, कापराचं ताट एकाच जाणत्या माणसाच्या हातात राहू दे.

(दृश्य: मेन स्विच, भिंतीला टांगलेलं लाल अग्निशामक.)

पेटलंच, तर आधी मेन स्विच. तो बंद झाल्याशिवाय पाणी नाही. मग पानांवर, कापडावर पाणी चालतं. नेवऱ्या (करंज्या) तळतानाच्या कढईवर कधीच नाही, तिथे गॅस बंद करून झाकण. घरात एबीसी पावडरचं दोन किलोचं अग्निशामक ठेवा, काटा हिरव्या पट्ट्यात असावा. नळी ज्वाळेच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरायची. ते काही सेकंदांत संपतं. तेवढ्यात आग विझली नाही, किंवा छताच्या वाशांना लागली, तर माणसांना बाहेर काढून १०१ किंवा ११२.

विसर्जनानंतर माळा गुंडाळताना प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. काळा पडलेला, कडक झालेला भाग सापडला तर ती माळ टाकून द्या. नाहीतर तीच दिवाळीत आकाशकंदिलाच्या कागदात जाते आणि डिसेंबरात शेजारच्या घरी, नाताळात मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यातल्या वाळक्या गवतात.