बाळाचं पोट उडतंय, सिस्टर

श्रोतेहो, नमस्कार. मुलांच्या वॉर्डातली नाईट ड्यूटी. पहाटे तीनला एखादी आई दबक्या आवाजात हाक मारते, "सिस्टर, याचं पोट उडतंय हो." मी जाते, झबलं वर करते आणि सेकंदकाटा बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, तान्ह्याचा श्वास कधी पळतो, कधी अडखळतो. मूल रडत असेल तर तो आकडा फुकट. आधी आईनं त्याला कुशीत घेऊन शांत करायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त भरले, की न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर मामला गंभीर.

मग मी फोन करायचा आणि वाट बघायची. डॉक्टरांना दोष देत नाही. तीन वॉर्ड आणि एक निवासी डॉक्टर, तो तरी कुठं कुठं पुरणार?

ही वाट कमी करायचा एक मार्ग अमेरिकेत निघाला. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर'चं, म्हणजे स्वतः तपासून उपचार ठरवणाऱ्या नर्सचं, पहिलं प्रशिक्षण सुरू केलं, तेही मुलांसाठीच. विरोध झाला, आणि गंमत म्हणजे नर्सिंगच्या प्राध्यापिकांकडूनही! सुरुवातीला काम होतं निरोगी मुलांची वाढ बघायची, किरकोळ आजार हाताळायचे. पुढे अत्यवस्थ मुलांसाठी वेगळी शाखा झाली. तिथली नर्स आता मुलाला तपासते, रक्ताच्या चाचण्या सांगते, औषध लिहून देते.

आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षतेसाठी असा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला आहे. पण पदवी हातात आली तरी औषधाचा पहिला डोस सुरू करायला नर्सनं डॉक्टरांना फोनच करायचा असेल, तर मग शिकवलं कशाला?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच तयार केलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईसाठी मणी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे 39 गावांतल्या आरोग्यदूतांनी जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना घरीच इंजेक्शन दिलं, आणि बाळं वाचली.

आज रात्री तुमच्या घरी बाळ धापा टाकत असेल, तर दिवा लावा, झबलं वर करा, मिनिटभर मोजा. खळगा पडत असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.