तीन आया आणि त्यांच्यामधली जागा

पत्रिकेत विषय ‘मेंदूची आवरणं’ असा छापलाय. मला बोलायचंय ते त्या आवरणांमधल्या जागांबद्दल. पण आधी नावांविषयीची एक जुनी तक्रार.

बाहेरून आत तीन आवरणं: ड्यूरा मॅटर, अरॅक्नॉइड मॅटर, पाया मॅटर. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, “सर, हे ग्रे मॅटरमधलंच, म्हणजे मेंदूच्या करड्या भागाच्या नावातलंच मॅटर ना?” नाही हो! ते मॅटर म्हणजे पदार्थ, हे लॅटिन ‘माटेर’, म्हणजे आई. दहाव्या शतकात अली इब्न अल-अब्बास या वैद्याने अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. एखाद्या गोष्टीला वेढून सांभाळणारं जे असेल त्याला ‘आई’ म्हणायची अरबीत रीत. मेंदूच्या दोन आया, एक जाड, एक पातळ. बाराव्या शतकात अँटिओकच्या स्टीफनने याचं लॅटिन केलं. जाड आई झाली ‘ड्यूरा’, म्हणजे कठीण. ती घरोघरी असते. (हशा) पातळ, नाजूक आई मात्र झाली ‘पिया’, म्हणजे मायाळू, भाविकसुद्धा! तिचा इंग्रजी उच्चार पाया, त्यामुळे आमची निम्मी मुलं तिला घराचा पाया समजतात. आतून पहिली म्हणून ते खपूनही जातं. जाळ्यासारखी मधली अरॅक्नॉइड वेगळी मोजली गेली ती थेट सतराव्या शतकात. मुलं हे सगळं घोकतात आणि या आया एकमेकींशी कशा नांदतात ते विचारलं की गप्प.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पळतो.

कवटीत ड्यूरा हाडाला चिकटलेली, मध्ये जागाच नाही. कानशिलापाशी हाड पातळ. तिथे मार बसून आतली धमनी फुटली की रक्त जोराने जागा करून घेतं. माणूस बरा दिसतो, बोलतोही, आणि काही तासांत कोसळतो. ड्यूरा आणि अरॅक्नॉइडमध्येही एरवी जागा नसते, पण मेंदूकडून ड्यूराकडे जाणाऱ्या शिरा तिथून जातात. म्हातारपणी मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात आणि साध्या ठेचेने झिरपलेलं रक्त कित्येक आठवड्यांनी त्रास देतं. रक्त तेच, पण घड्याळ वेगळं.

खरी जागा अरॅक्नॉइड आणि पायामध्ये. तिथे पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा पातळ द्रव. मेंदूतल्या पोकळ्या धरून सुमारे १५० मिलिलिटर, पण रोज नवं तयार होतं जवळपास ५००. चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगताना पन्नासेक ग्रॅमच भरतो.

कण्यात मात्र ड्यूराच्या बाहेरही जागा आहे, चरबीने भरलेली. एपिड्यूरल भूल तिथेच देतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, पाण्याची पिशवी त्याच्याही खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थी या हाडापर्यंत जाते. म्हणून पाणी काढायची सुई कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या मधे टोचतात, मज्जारज्जूला लागत नाही. १८९१ मध्ये क्विंके या जर्मन डॉक्टरने ही रीत रूढ केली.

१८९८ मध्ये ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनने तिथून भूल म्हणून कोकेन देऊन पाहायचं ठरवलं, तेही स्वतःवर. सुईला पिचकारी बसेना, पाणी वाहून गेलं. पुढे नऊ दिवस डोकं दुखलं, आडवं झालं की थांबायचं, उठलं की पुन्हा सुरू. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते ड्यूराला, त्या कठीण आईला. पाणी कमी झालं की मेंदू खाली ओढला जातो आणि ताण तिच्यावर येतो. वेळ संपली, प्रश्न बाहेर विचारा.