जिन कुठला, ते आधी विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

चीनमधल्या मंडईत लिचीवाल्यानं नुसतं 'तीस' म्हटलं, तर तो भाव किलोचा नसतो, जिन या चिनी वजनी मापाचा असतो. तिथला जिन बरोबर ५०० ग्रॅमचा, म्हणजे किलोला साठ युआन पडले. हाच तीसचा आकडा तैवानमध्ये ऐकलात तर जिन ६०० ग्रॅमचा, किलोला पन्नास तिथले डॉलर. हाँगकाँगात जिनला इंग्रजीतून कॅटी म्हणतात. ती ६०४.७९ ग्रॅमची, आणि किलोचा भाव निघतो एकोणपन्नास डॉलर साठ सेंट. हिशेब सोपा आहे: चीनच्या भावाला दोननं गुणा, तैवानच्या भावाला पाचनं गुणून तिनानं भागा, हाँगकाँगच्या भावाला १.६५ नं गुणा. चिनी भाषेत किलोला 'गोंगजिन' म्हणतात. घाईघाईत त्यातला 'जिन' तेवढा कानावर पडतो आणि भाव दुप्पट किंवा निम्मा समजला जातो.

हा फरक पडला कसा? चीनच्या शेवटच्या, म्हणजे छिंग राजवटीच्या अखेरीस सरकारी जिन सुमारे ५९७ ग्रॅमचा होता, पण पेठेपेठेचं माप निराळं. परदेशी व्यापाऱ्यांना जकातीसाठी एक ठरीव माप हवं होतं. चीनशी झालेल्या १८५८च्या तहांच्या वेळी शंभर कॅटींचा पिकुल १३३ पूर्णांक एक तृतीयांश पौंडांचा ठरला. मुंबई बंदरातून चीनला जाणारी माळव्याच्या अफूची पेटीही साधारण एका पिकुलाची धरत. त्या हिशेबानं कॅटी झाली सव्वा पौंडाहून थोडी जास्त, एक पूर्णांक एक तृतीयांश पौंडाची. हाँगकाँगसारखीच सिंगापूर आणि मलेशियातही तीच रुळली. तैवानवर १८९५ ते १९४५ जपानचं राज्य होतं. जपाननं आपलं माप आधीच मेट्रिकला बांधून घेतलं होतं, तोच ६०० ग्रॅमचा आकडा तिथे राहिला. मुख्य चीनमध्ये १९२९ साली कायदा झाला. एक लिटर म्हणजे एक शंग, एक किलो म्हणजे दोन जिन, एक मीटर म्हणजे तीन छी. एक, दोन, तीन. पाठ करायला इतकं सोपं कोष्टक क्वचितच कुणी केलं असेल.

जिनच्या पोटातला भाग म्हणजे लिआंग, व्यापारी भाषेत टेल. खरी गल्लत इथेच होते. जुन्या पद्धतीत सोळा लिआंगांचा एक जिन. म्हणूनच 'एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा' अशा जोडीला चिनी माणूस 'अर्धा जिन, आठ लिआंग' म्हणतो. चीननं १९५९ साली दहा लिआंगांचा जिन केला, त्यामुळे तिथला लिआंग ५० ग्रॅमचा. तैवान आणि हाँगकाँगात सोळाच राहिले: तैवानचा ३७.५ ग्रॅम, हाँगकाँगचा ३७.८. हाँगकाँगात सोन्याचा टेल पुन्हा वेगळा, ३७.४२९ ग्रॅमचा. आपल्याकडे तोळा कागदावर ११.६६ ग्रॅमचा आणि सराफाच्या बोलण्यात दहाचा, तशीच गत. पाच टेलांची सोन्याची चीप १८७ ग्रॅमच्या आसपास भरते. चहासारख्या मालाच्या नेहमीच्या टेलनं हिशेब केला, तर ती जवळजवळ दोन ग्रॅम कमी भरल्यासारखी वाटेल. दुकानदार त्यात चोर नसतो.

चोरी होते ती दुसरीकडे. टेलचा दहावा भाग म्हणजे मेस, हाँगकाँगात ३.७८ ग्रॅमचा. एका कॅटीत १६० मेस. सुकी सागरी जिन्नस आणि जिनसेंगसारखी औषधी मुळं विकणाऱ्या काही दुकानांत पाटीवर नुसता आकडा असतो. गिऱ्हाइकाला तो कॅटीचा वाटतो, दुकानदार आधी मुळाच्या चकत्या करतो आणि मग सांगतो, भाव मेसचा होता. कापलेला माल परत कोण घेणार? म्हणून सुरी लागण्याआधी भाव कशाचा ते विचारा, आणि शंभर ग्रॅमला किती ते लिहून मागा.

जुन्या दांडीच्या काट्यावरची लबाडी वेगळी. दांडीच्या एका टोकाला माल अडकवायचा हूक किंवा पारडं, वर धरायच्या दोन दोऱ्या, दांडीवर पितळी ठिपके आणि दोरीनं सरकणारं एक वजन. हुकाजवळची दोरी धरली की जड माल तोलता येतो, दूरची धरली की हलका. त्यामुळे कोणती दोरी धरली आणि कोणत्या बाजूचे ठिपके वाचले, हे दोन्ही बघायचं. सरकतं वजन बदलून हलकं लावलं, की ते दांडीवर पुढे न्यावं लागतं आणि माल आहे त्याहून जास्त दिसतो. तपासायला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा. चीनमध्ये ती एक जिनच्या किंचित वर गेली पाहिजे, तेवढं वजन रिकाम्या बाटलीचं. चीनच्या बऱ्याच मंडयांत फेरतोलणीचा सार्वजनिक काटाही असतो.

औषधांच्या जुन्या पोथ्या वाचणाऱ्यांनी मात्र फार जपावं. चीनमध्ये औषधांना सोळाचा हिशेब १९७८ अखेरपर्यंत चालला. जिन ५०० ग्रॅमचा, म्हणून तो लिआंग ३१.२५ ग्रॅमचा. त्याचा दहावा भाग ३.१२५, पण वैद्य सरळ तीन ग्रॅम धरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या काळातला जिन मात्र सुमारे अडीचशे ग्रॅमचाच होता, म्हणजे लिआंग पंधरा-सोळा ग्रॅमचा. त्या काळच्या काढ्यात 'तीन लिआंग' लिहिलेलं असेल आणि आजच्या काट्यावर दीडशे ग्रॅम तोलले, तर मात्रा तिपटीहून जास्त होते.